दोन ओढी

केयोनच्या धक्क्यावर जूनमध्ये
पाचलाच दिवे लागतात.
मी लशींची निळी पेटी घेऊन बोटीत चढते,
कायलिन, लाइटेक, कोल्डिता, बेटामागून बेट.
म्हाताऱ्या आधीच बाही सरसावून बसलेल्या,
चुलीपाशी, मांडीवर मांजर.
"टोच गं पोरी, पण डाव्यात.
उजव्या हाताने बटाटे सोलायचेत."

माझा भाऊ एलिएसर, वय एकतीस.
वीस मीटर खाली उतरून
एरिसो खुडतो, साळूच्या काट्यांची ती
समुद्राची हिरवट फळं.
बोटीवर कॉम्प्रेसर धडधडत असतो,
पिवळ्या नळीतून हवा त्याच्या तोंडापर्यंत जाते
आणि नळी सोडतो, आवरतो तो ओतिलियो,
आमचा आतेभाऊ. दिवसभर मूठ मिटलेली.
एक ओढ: ठीक आहे.
दोन ओढी: वर घे.
नऊ वर्षांत एलिएसरने
दोनदा कधी ओढली नाही.

मी म्हणायचे, ये रे, मिनिटाचं काम.
तो छातीवर थाप मारायचा, पिंपावर मारावी तशी.
"हा भाता बघ. तुझी सुई आज्यांसाठी ठेव."
आणि मी हसायचे.
हे लिहून ठेवते, की मी हसायचे.
वहीत त्याच्या नावापुढे शिसपेन्सिलीने: उद्या.
खोडून पुन्हा: उद्या.
त्या रकान्यातला कागद पातळ झाला होता.

सोमवारी अंग मोडून आलं.
मंगळवारी ताप, तरी जाळं शिवत बसलेला.
गुरुवारी पायरीवर बूट घालताना थांबला,
एक बूट पायात, एक हातात,
ओठ शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे.
मी त्याच्या बोटाला चिमटा लावला.
आकडा पाहिला, काढला, पदराशी असावा तसा
स्वेटरच्या टोकाशी पुसला, पुन्हा लावला.
यंत्र बरोबर होतं.

पुएर्तो मोंतला विमानाने नेलं.
तिथली डॉक्टरीण माझ्याहून लहान, जागरणाने सुजलेली.
म्हणाली, "साधा फ्लू."
मग "साधा" तेवढा परत घेतला.
त्याला पालथं निजवलं होतं. तोंडात नळी,
पारदर्शक, पिवळी नव्हे.
कॉम्प्रेसर इथेही होता,
फक्त सभ्य आवाजाचा.

लस घेतली असती तर?
बहीण विचारते आणि परिचारिका उत्तर देते:
ताप कदाचित आलाच असता.
इथवर येण्याची शक्यता कमी झाली असती, इतकंच.
बेटांवर मी हेच सांगते,
लस म्हणजे चिलखत नव्हे,
वर बोटीवर नळी धरून उभा असलेला माणूस.
आणि ओतिलियोशिवाय
माझा भाऊ पाण्यात पाय घालत नव्हता.
हे वाक्य मला तेव्हा का सुचलं नाही,
तो छातीवर थाप मारत होता तेव्हा?

ओतिलियो रात्र रात्र कॉरिडॉरमध्ये उभा.
खुर्ची दिली तरी बसेना.
उजवी मूठ अर्धवट मिटलेली.
एका नर्सने विचारलं, हात दुखतो का?
तो म्हणाला, नाही, सवय आहे.

अकराव्या दिवशी गुंगी उतरवली.
मी माझं बोट त्याच्या तळव्यात ठेवलं.
बराच वेळ काही नाही.
मग एक ओढ.
मी म्हटलं, ठीक आहे, ठीक आहे.
मग दुसरी.

आता जिना चढताना तो मध्ये थांबतो,
समुद्र बघतोय म्हणतो.
त्या जिन्यावरून समुद्र दिसत नाही.
कॉम्प्रेसर दुसऱ्या कुणाला विकला.
दवाखान्यापुढे पाणबुडे येऊन उभे राहतात,
टोप्या हातात, चोरी पकडल्यासारखे,
आणि म्हाताऱ्या त्यांची टर उडवतात.

एप्रिलमध्ये नवी वही आली.
एलिएसरने न बोलता बाही वर केली.
मीही हसले नाही.
दंड इतका बारीक झालाय,
सुई कुठे टोचावी म्हणून
मी क्षणभर जागा शोधत राहिले.