पांढऱ्यावर भरवसा नाही

सकाळी सहाला फोन.
ग्वाल्हेरात धुकं इतकं, की दूधवाला आधी ऐकू येतो,
मग सायकल दिसते, मग तो.
केतकीकडे अजून कालचीच संध्याकाळ,
उणे बावीस,
आणि ती गोठलेल्या तळ्याच्या मधोमध
उपड्या बादलीवर बसलेली.
"बाबा, बर्फ बघा," म्हणते, आणि फोन खाली धरते.

बर्फ मी एकतीस वर्षं बघितला.
हजिऱ्याचा कारखाना, डोळ्यांत अमोनिया,
खाऱ्या पाण्याच्या हौदात ओळीनं बुडवलेले जस्ती डबे
आणि प्रत्येक डब्यात बुडबुडे सोडणारी एक नळी.
कारण पाणी ढवळत ठेवलं नाही तर ते गोठता गोठता
आपली सगळी हवा, सगळा क्षार पोटात ढकलत नेतं,
लादीच्या मधोमध पांढरा पट्टा राहतो.
असली लादी मासळीवाले नेत, कुरकुरत.
सरबतवाले हात लावत नसत.
इमामुद्दीन आकड्यानं ठोकून म्हणायचा,
सफेद पे भरोसा मत करना, मोहिते.

म्हणून मी एवढंच विचारतो:
काळा आहे की दुधट?
"काळा. आरपार. आत भेगा दिसतायत,
काचेत केस अडकावेत तशा."
किती?
"हातभर."
आणि ओढा येऊन मिळतो तिकडे?
"तिकडे नाही गेले. तिथे वर हिम साचलंय, खाली करडं."
हिम म्हणजे रजई, मी सांगतो.
आम्ही लाद्यांवर भुसा टाकायचो ना, तसंच.
वरची थंडी खाली पोचू देत नाही, बर्फ पातळच राहतो.
आधी पहार, मग पाय.
"माहितीय, बाबा."
माहीत असतंच तिला. मी तरी सांगतो.

भोकात सारखा चुरा साचतो.
तो ती झाऱ्यानं उपसते,
आईच्या बुंदीच्या झाऱ्यानं,
जो आम्ही दिवाळीत माळ्यापर्यंत शोधला होता.
मंदाकिनी फोन ओढून घेते.
"पितळेचा आहे तो! हाताला चिकटेल."
"फडकं गुंडाळलंय, आई."
"कुठलं फडकं?"
यावर तळ्यावर थोडा वेळ शांतता.

गळाची काठी उलथन्याएवढी.
दोरा तळाला टेकू द्यायचा, मग वीतभर वर घ्यायचा,
आणि हलवायचा तर मनगटात नाडी हलते तेवढाच.
थंडीत मासा कशाच्या मागे धावत नाही.
तोंडापुढे आलं तर घेतो,
तेही नावडत्या घरचा चहा घ्यावा तसं.
हिसका बसत नाही. फक्त वजन बदलतं.
"मग कळतं कसं?" मंदाकिनी विचारते.
"पुष्कळदा कळतच नाही."

आणि तेवढ्यात तो आवाज.
एका काठाकडून निघून, तिच्या बादलीखालून
दुसऱ्या काठापर्यंत गेलेला,
लांब, खोल, शेवटी तारेसारखा बारीक होत गेलेला.
मंदाकिनीच्या हातातली गाळणी पडली.
मी ओळखला.
हौदातला डबा कोमट पाण्यात उतरवला
की सुटण्याआधी लादी अशीच बोलते,
फक्त ती दीडशे किलोची, हे मैलभर.
"घाबरू नकोस, वाढतंय ते," मी म्हणालो,
"बोलतंय तोवर बरं."

"मी कुठे घाबरले?
तुम्हाला ऐकवायला तर फोन केला."

कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली.
तिथे आता फरश्यांचं गोदाम आहे.
मी त्या रस्त्यानं जात नाही असं नाही,
पण जातो तेव्हा काम असतं.

तिनं फोन बर्फावर उताणा ठेवला.
पडद्यावर काळं आभाळ आणि तिच्या बुटाची कड.
आवाज आणखी एकदा आला, लांबून.
मग ती हळूच म्हणाली, "थांबा."

आम्ही थांबलो.
चहावर साय धरली.
खाली दूधवाल्यानं दोनदा घंटी वाजवली,
आणि आम्ही दोघांपैकी कोणीच हललं नाही,
जणू आमच्याच हातात दोरा होता.