जोडीची हमाली

सकाळी साडेसातला लॅब उघडते. विश्रामबाग, दुसरा मजला.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत असतं.
अगरच्या ताटल्यांत कृमी, मिलिमीटरभर.
आई म्हणते, लोक जंतांवर औषध घेत्यात
आन तू पगार घिऊन जंत पाळतीस.

त्यांच्या नाकाशी चेतापेशींची टोकं आहेत,
केसाहून कितीतरी बारीक.
तिथं मीठ कळतं, धोका कळतो.
पण टोकाशी काही पिकत नाही.
प्रत्येक प्रथिन मुळाकडून वाहून न्यायचं,
झिजलेलं परत आणायचं.
जन्मभर.

हे मला पुस्तकाआधी मार्केट यार्डात कळलं होतं.
आप्पा आणि दस्तगीरचाचा,
हळदीच्या पोत्याला दोन बाजूंनी दोन आकडे.
चाचा सावकाश, आप्पांना घाई.
पोतं चालायचं दोघांच्या मधल्या वेगानं.
शेवटच्या अरुंद बोळाशी चाचा थांबायचे,
तिथून पुढं आप्पा एकटे,
पाठीवर घेऊन, जवळजवळ पळत.

कृमीच्या त्या केसातही दोन हमाल आहेत.
मधल्या वाटेवर जोडीनं,
टोकाच्या वाटेवर चपळ तेवढा एकटा.
मी मोजलेत. जेलीफिशकडून उसनी आणलेली हिरवी चमक
पडद्यावर तिरप्या रेघा पाडत जाते,
आणि शेवटी शेवटी रेघ जास्त कलते.

फ्रीजच्या तिसऱ्या कप्प्यात बिघडल्या जनुकाचा वाण आहे.
त्यात हमाल आहेत, माल आहे, वाट आहे.
दोघांना एकत्र धरून ठेवणारं कुणी नाही.
मंद आपला मंद जातो, चपळ आपला चपळ,
अर्धं अर्धं ओझं घेऊन,
अनोळखी असल्यासारखे.
लाल रंगात बुडवले तरी त्यांची टोकं रंग पीत नाहीत.
मिठाच्या रिंगणापाशी बाकीचे वळतात.
हे ओलांडतात आणि वाळून जातात.

जनुकाचं नाव म्हणजे तीन अक्षरं, एक आकडा.
मिरजेच्या दवाखान्यातून वैजूचा रिपोर्ट आला
त्यात तीच अक्षरं होती. तोच आकडा.

वैजू, माझी धाकटी.
पायाला सहावं बोट, ते बघून आत्यानं साखर वाटली होती.
दिवेलागणीनंतर भिंत धरून चालते.
कवठेपिरानला हळद शिजायला लागली
की मला विचारते, आला का गं वास?
आई-आप्पा आत्ते-मामे भावंडं.
ओळखीचं घर, हुंडा नाही, पोरगी डोळ्यांसमोर.
दोष कुणाला द्यायचा ते मी अजून ठरवलेलं नाही.

रविवारी तिला लॅबवर आणलं.
सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत अंधार लागतो.
मी,
विसरले.
ती दारातच थांबली, हात पुढं करून.

मग तिचा तळहात उघडला,
मनगटापासून नखानं चालत निघाले,
सावकाश,
मधल्या बोटाच्या शेवटच्या पेरावर पटापट.
"आन परत?"
परतही नेलं.
"मग माझ्यात कोण थांबलंय?"
कुणीच नाही. दोघंही चालतात.
एकमेकांना सापडत नाहीत.

ती जरा गप्प झाली.
"चाचांची कंबर गेल्यावर आप्पा एकटंच पोतं उचलाय जायचं.
मग वखारीतलं कोण ना कोण हात लावायचं."

तसा हात पेशीत अजून कुणाला सापडलेला नाही.
मी बोलले नाही. दिवा लावला.

"तिसऱ्या कप्प्यातल्यांना खायाला घातलंस?"
घातलं.
त्यांना वास लागत नाही,
म्हणून कडेपर्यंत पसरून घालावं लागतं.

"बरं करतीस," म्हणाली, आणि माझा दंड धरला.
जिन्यातला बल्ब गेलेला.
मला घाई होती, तिला नव्हती.
आम्ही उतरलो
मधल्या वेगानं.