खालचा खण

दाराशी गेल्यावर विचारायचे सगळे.
आधी खोकला सांगायचे, मग गुडघे, मग सुनेचं वागणं.
डॉक्टर सक्सेना चिठ्ठी लिहायचे,
तळाशी 'बीडी बंद', त्यांच्या सहीइतकंच न लागणारं.
आणि एक पाय उंबऱ्याबाहेर पडला की
मान मागे वळायची :
"सिस्टर, वो छूटने की कोई गोली आती है क्या?"

लष्करातल्या आमच्या दवाखान्यात
खोकल्याचं औषध लाल, तापाची गोळी पांढरी,
जंतांचीसुद्धा होती.
ती नव्हती.
रजिस्टरात तिच्यासाठी रकानाही नव्हता.
मी समासात पेन्सिलीनं रेघा ओढायची.
महिन्याच्या एकेचाळीस झाल्या तेव्हा
वर कळवलं. उत्तर आलं :
समासातली नोंद ग्राह्य नाही.

मग मी काडेपेट्या ठेवून घ्यायला लागले.
दुसरं होतं काय माझ्या हातात?
टेबलाचा खालचा खण, पेटीवर चिकटपट्टी,
नाव, तारीख.
हरप्रसाद कुशवाह खाणीवर दगड फोडायचा, म्हणायचा,
धूळ तर आत जातेच, तिला सोबत म्हणून धूर.
रामकलीनं चुलीपुरत्या आठ काड्या
मोजून पदरात बांधल्या, उरलेली पेटी दिली.
सप्रे काका एजी ऑफिसातून निवृत्त.
त्यांनी पावती मागितली.
दिली. शिक्का मारून.

काही जण तिसऱ्याच दिवशी परत.
माझ्याकडे बघायचे नाहीत, नावही घ्यायचे नाहीत,
"मेरी वो चीज़ थी..."
मी देऊन टाकायची.
पंधरा दिवसांनी तीच पेटी, जुन्या पट्टीवर नवी पट्टी.
कुशवाहच्या पेटीवर पाच थर चढले,
ठेच लागलेल्या अंगठ्यासारखी फुगली होती ती.
पाच वेळा सोडली, असंच म्हणायची मी.
डॉक्टर म्हणायचे, पाच वेळा धरली.

एका संध्याकाळी
रामकलीच्या नातवाच्या पायात खिळा घुसला.
सुई उकळायची, स्टोव्हला पंप मारला,
आणि दवाखान्याची काडेपेटी रिकामी.
खणात एकोणीस.
दुसऱ्यांची अनामत.
हात फिरवत राहिले, शेवटी सप्रे काकांची उचलली.
अकरा महिने झाले होते.
पेटी न्यायला आले नाहीत,
खोकला दाखवायलाही नाहीत.
सुटली असेल. किंवा.
घर कुठे ते मला ठाऊक होतं,
चालत गेलं तर दहा मिनिटं.
मी गेले नव्हते.

पहिली काडी सादळलेली. दुसरी पेटली.
पोराला सुई दिली, त्यानं गल्ली डोक्यावर घेतली.

घरी जाण्याआधी पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलं :
'दोन काड्या, सरकारी कामासाठी.'
जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस.
आले, तर जाब विचारतील.
विचारावा.