जवारी

मिरजेत, सतारमेकर गल्लीत
तौफिकच्या मोबाईलवर दस्तगीरचाचा
यंत्रमानवाचा पिक्चर बघतायत, हिंदीत डब केलेला.

शेवटी ते यंत्र रडतं.
रडतात नाहीतर माणसं मारतात, तौफिक सांगतो,
तिसरं काही नसतं त्यांना.

घोडीवरची कानस थांबत नाही.
"आवाज बंद आहे त्याचा."
तौफिक व्हॉल्यूम वाढवतो.
"तसा नाही रे. जवारीच काढली नाही कुणी."

पिक्चरमधले शास्त्रज्ञ अजून विचारतायत,
ह्याच्या आत कोणी आहे का?

चाचा खुंटीवरचा भोपळा उतरवतात,
गर खरवडून दोन उन्हाळे वाळवलेला,
बोटाच्या पेरानं ठोकतात.

आत कोण आहे, चाचा?

कोणी नाही. म्हणून तर
— थांब, तो ट्रक जाऊ दे —
हां. आता ऐक.