अनामत

ऑफिसातून फोन आला, खानोलकरबाईंचा.
तुमची अनामत पडून आहे मॅडम, अकरा वर्षं झाली.
पंधराशे रुपये. मार्चच्या आत न्या,
नाहीतर सरकारजमा.

मी विसरलेच होते.
काच फुटली तर कापून घ्यायला ठेवलेले पैसे.
फुटली एकच ब्युरेट, तीही इरफान मुकादमकडून,
आणि नाव सांगितलं माझं,
कारण मी रडले की सर सोडून देत.

प्रतीक्षानगरहून माटुंग्याला चालतच गेले.
वाटेत वर्ग आठवत होते, हजेरीच्या क्रमानं.
वंदिता गेडाम चंद्रपूरला परतली, पाणी तपासते,
दुपारी जेवायला घरी जाते.
हे ती सहज सांगते, आणि मला हेवा वाटतो, पोटातून.
इरफान लाइपझिगला. विचारतो,
कोपऱ्यावरचं रसम अजून तसंच का गं?
मी हो म्हणते. जाऊन बघितलेलं नसतं.
जॉयसलीन डाबरे वसईची, म्हणजे इथलीच,
तिच्याबद्दल कुणी पैज लावली नव्हती.
सगळ्यांत आधी तीच गेली.
प्रल्हाद सोळुंकेचा नंबर लागत नाही.

मी राहिले.
फसवा शब्द आहे.
राहिले म्हणजे वस्ती केली.
पण एक विषय राहिला, असंही म्हणतो आपण,
भाजीत मीठ घालायचं राहिलं,
आबांशी नीट बोलायचं राहिलं.
मी यातली कुठली राहिले,
ते अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही, बरं झालं.

शिवडीच्या लॅबमध्ये मी कापडाचा रंग तपासते.
नमुन्याला पांढरी पट्टी शिवायची,
दोन्ही एकत्र गरम पाण्यात फिरवायची,
मग बघायचं, रंग किती उतरला
आणि शेजारच्या पांढऱ्याला किती लागला.
दोन वेगळे आकडे असतात ते.
कधीकधी रंग ढळलेला दिसत नाही
आणि पट्टी मात्र गुलाबी होऊन बसते.

खानोलकरबाईंनी फॉर्म दिला.
सध्याचा पत्ता. तो पटकन लिहिला.
घरमालक अकरा महिन्यांचा करार करतो,
बाराव्या महिन्यात मी या शहरात नसते, कागदावर,
मग पुन्हा येते. तीच खोली, तोच नळ, भाडं वाढलेलं.

खाली, कायमचा पत्ता.
किनवट लिहिलं. जुन्या बसस्टँडमागे, इथपर्यंत हात गेला.
ते घर विकलं, आबा नांदेडला दादाकडे,
त्या अंगणात आता कुणाचं तरी मोबाइलचं दुकान आहे.
पेन तसंच धरून बसले.
बाई म्हणाल्या, लिहा हो काहीही,
पत्रं पाठवतंय कोण आता!

दारात एक मुलगी उभी, नवी, फाइल छातीशी.
बोनाफाइड कुठे मिळतं?
डावीकडून दुसरी खिडकी, साडेतीननंतर, मी सांगून टाकलं,
आणि दोन झेरॉक्स आण, एक ते हरवतात.
ती हसली. तुम्ही इथल्याच का?

खिडकी अजून तीच होती का, मला माहीत नव्हतं.
ती गेली आणि परत आली नाही,
म्हणजे असावी.

फॉर्म झाला तर रेव्हेन्यू स्टॅम्प नाही.
माझ्याकडे नाही, बाईंकडे संपलेला,
पानवाल्यानं सांगितलं, हल्ली कुणी मागत नाही.
सोमवारी या, बाई कपाट लावत म्हणाल्या,
की कुठे जाणार आहात?
छे, म्हटलं, मी इथेच असते.

सगळे असंच म्हणतात, असं म्हणून त्यांनी
माझा फॉर्म इतरांच्या फॉर्मांवर ठेवला.
गठ्ठा बराच उंच होता.
वर पेपरवेट म्हणून एक ब्युरेटचं बूड,
तुटकं, स्वच्छ धुतलेलं.