मापात पाप

पुतळ्याला घाम येत नाही, ही पहिली अडचण.
दुसरी, तो श्वास घेत नाही.
तिसरी कळायला मला पंचवीस वर्षं लागली.

गिमारायशच्या बाहेर, आवे नदीच्या काठावर आमचा कारखाना.
पूर्वी इथं नवऱ्यामुलींच्या चादरी व्हायच्या,
आता डोंगरात पळणाऱ्यांच्या बंड्या होतात.
छातीवर पाण्याच्या दोन मऊ बाटल्या,
पाठीला घडीचं जाकीट मावेल एवढा खिसा,
आणि एक शिट्टी, धुक्यात वाट चुकली तर.
शिवणाऱ्या नऊजणी. मी बेतते.
मालक सेन्योर अबिलियु. आणि पुतळा.

ओडेट मार्चमध्ये आली.
टपालखात्यातून निवृत्त, चौतीस वर्षं चढावरची गावं पायांखाली,
आता जेरेसच्या डोंगरात पळते,
"कुत्रं मागं नसलं तरी," म्हणाली.
आमची बंडी तिनं टेबलावर ठेवली,
आधी जरा कौतुक केलं, आजाऱ्याचं करतात तसं,
मग म्हणाली, डावीकडून उतरते. दर वेळी.

पट्टा आवळ, मी म्हटलं.
आवळला. मग काचतो.
गळा बाजूला करून तिनं वळ दाखवला,
लाल, बारीक, धावदोरा घातल्यासारखा.

मी टेप लावली.
बंडी बरोबर होती. मधोमध दुमडली
तर अर्ध्यावर अर्धी तंतोतंत बसत होती.
खरं सांगायचं तर मला रागच आला.

काळा सदरा घालून पळ, म्हटलं, आणि धुऊ नकोस.
सोमवारी तिनं तो प्लास्टिकच्या पिशवीतून आणला.
पिशवी उघडली तशा दोघीजणी मशीन सोडून उठल्या.
मी खिडकीशी पसरला.
मीठ फुटलं होतं त्यावर,
ओहोटीनं मागं सोडाव्यात तशा पांढऱ्या रेघा.
उजवीकडे ऐसपैस.
डावीकडे सगळ्या घसरून एका खोलगटात जमलेल्या,
आणि खोलगट बरोब्बर
टपालाच्या पिशवीच्या पट्ट्याएवढा.

हा खांदा माझ्याआधीच कुणीतरी बेतला होता.
वीजबिलांनी. लक्झेंबर्गहून आलेल्या मुलांच्या पाकिटांनी.
कुणाच्या आईच्या दुरुस्त झालेल्या चष्म्यानं.
आणि त्या एका जानेवारीत, जुनी गिरणी बंद पडली तेव्हा,
दारोदार वाटलेल्या एकसारख्या तीनशे लिफाफ्यांनी.
त्यातला एक माझा होता.
तिला आठवत नाही.
मला तिचे ओले बूट आठवतात.

मापात पाप नको,
हे लौरिंदानं मला कात्री देण्याआधी शिकवलं होतं.
त्या संध्याकाळी मी पाप केलं:
डावा पट्टा चौदा मिलिमीटर आखूड,
काखेची शिवण बाहेरच्या अंगाला वळवली,
खालचा बंद तिरपा.
उजव्या बाजूला हात लावला नाही.
टेबलावर ती बंडी दिसत होती
एक भुवई चढवलेल्या बाईसारखी.

तपासणीत नापास.
अबिलियुंनी लाल दोरा बांधला: डावं-उजवं जुळत नाही.
अंगात घातल्यावर जुळतं, मी म्हटलं.
कुणाच्या?
आमच्या यादीत लहान आहे, मध्यम आहे, मोठं आहे.
मी गप्प बसले.
पण दोरा तसाच ठेवून बंडी पिशवीत घातली.

जूनमध्ये ओडेट सत्तेचाळीस किलोमीटर पळून आली,
कितवी आली ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.
ग्रॅनाइटवर आपटून गुडघा फुटलेला.
दोरा अजून तिथंच, घामानं गुलाबी झालेला.
कशी होती, विचारलं.
काय कशी होती? म्हणाली.
मग लक्षात आलं तिच्या. अगं, ती होय!
विसरलेच होते अंगात आहे ते.

सगळ्याजणी गेल्यावर
मी बटणांची पिशवी, साडेचार किलोची,
पुतळ्याच्या डाव्या खांद्यावर अडकवली.
पंधरा दिवस झाले.
रोज सकाळी टेप लावते.
अजून केसभरही वाकला नाही मेला.