छाट

वीस वर्षं मी बिड्या वळल्या.
संध्याकाळी सूप घेऊन रांगेत उभी राहायची,
चेकर एकेक कट्टा दाबून बघायचा,
ही ढिली, ही वाकडी, हिचं तोंड नीट मिटलं नाही,
आणि बाजूला काढायचा.
त्याला छाट म्हणतात.
छाटेचे पैसे मिळत नाहीत,
छाटही परत मिळत नाही.
ती कुठं जाते, कोण ओढतं,
आमच्यातल्या कुणी विचारलं नाही.

हे आधी सांगते,
कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

बोटं आखडली तशी शेंगाचटणी सुरू केली.
विडी घरकुलात, दाराशी उखळ,
महिन्याला तीस-चाळीस किलो.
कन्ना चौकातला दुकानदार म्हणाला,
मावशी, पाकिटावर लायसनचा नंबर पायजे.
शिरीषा अकरावीला आहे. तिनं मोबाइल उघडला.
पानावर तीन सिंह होते,
वर केशरी पट्टी, खाली हिरवी,
मधोमध माझं नाव भरायची जागा.
मी पदराला हात पुसले, मग मोबाइल धरला.
नरसम्मा यादगिरी गुंडेटी.
फी दोन हजार चारशे नव्याण्णव.
बारा दिवसांच्या बिड्या, छाट वगळून.
भरली.

दीड महिन्यानं हापिसात गेले.
साहेबांनी कॉम्प्युटरात दोनदा शोधलं.
मावशी, फी शंभर रुपये असते.
आणि तुमचा अर्ज इथं आलेलाच नाही.

शंभर! मला आधी हसूच आलं.
शिरीषा रिक्षात रडली.
घरी येऊन ते पान तिनं पुन्हा उघडलं,
दोन बोटांनी ताणून ताणून मोठं केलं.
अगदी तळाला, खसखशीएवढ्या अक्षरांत,
आम्ही सरकारी नाही, असं लिहिलेलं होतं.
म्हणजे खोटं बोलले नव्हते.
हळू बोलले होते.

बँकेतला म्हणाला, ओटीपी तुम्हीच दिला ना?
दिला. नाही कशी म्हणू?
पण सिंह बघून दिला.
तो गप्प झाला, फॉर्म पुढं सरकवला.

सायबरच्या खोलीत बिराजदार म्हणून पोरगी होती, वर्दीतली.
पैसे किती वाजता गेले?
शेंगा भाजून उतरवल्या तेव्हा.
तिनं लिहिलं, अंदाजे सकाळी अकरा.

मग त्यांच्या नंबरावर रोज फोन.
पैसे परत मिळत नाहीत, मॅडम.
जन्मात मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं.
म्हटलं तेही नाही म्हणायला.
मी म्हणायचे, बरं, उद्या करते.
पोलिसांचा तक्रार नंबर पाठ झाला होता,
तो कट्टे मोजल्यासारखा म्हणून दाखवायचे.

सत्ताविसाव्या दिवशी मेसेज आला.
दोन हजार जमा.
शेजारची राजव्वा साखर घेऊन आली,
गंगेत घोडं न्हालं म्हणाली.
मी म्हटलं, शिरीषा, बाकीचे?
प्रोसेसिंगचे कापलेत, अम्मा.
जाऊ दे ना आता, मिळाले तेवढे खूप झाले.

परत वाच, म्हटलं.
तिनं परत वाचलं.
कापलेत.

साखर तोंडात होती, ती गोड लागेना.
सूप नव्हतं, चेकर नव्हता,
तरी माझी मान आपोआप खाली गेली होती,
रांगेत जायची तशी.
ती मी वर केली. दुखली जरा.

आता मोबाइल उखळाशेजारी ठेवलाय, आवाज मोठा करून.
पलीकडं वीस मिनिटं सतार वाजतेय.
वाजू दे. शेंगा आहेत, लसूण आहे,
तिखट अजून घालायचंय.
सतार थांबली. पोरगा आला. कोवळा आवाज,
त्यालाही कुणीतरी रांगेत उभं केलं असेल.
मॅडम, मागं कसला आवाज येतोय?
चटणी कुटतेय, म्हटलं.
तुम्ही बोला,
चारशे नव्याण्णवपासून.